दहापैकी चार

सिल्व्हर पार्कच्या सिग्नलजवळ एका हार्डवेअरच्या दुकानाचा बोर्ड आहे. गेली बारा वर्षं माझ्या हाती येणाऱ्या प्रत्येक कॅमेऱ्याची परीक्षा मी त्याच बोर्डावर घेत आलोय. वर दुकानाचं नाव हातभर अक्षरांत, खाली नळ, पाइप, रंग, खिळे अशी यादी, आणि अगदी तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत सुट्टीचा वार. रस्त्यापलीकडे रसवाल्याच्या गाडीपाशी उभं राहून फोटो काढायचा, घरी येऊन संगणकावर मोठा करायचा आणि तो वार वाचता येतो का ते बघायचं. वाचता आला तर फोटो पास. दुकानदाराला पहिल्यांदा मी बोर्ड मोजायला आलेला सरकारी माणूस वाटलो होतो. आता तो लांबूनच विचारतो, "आज कौनसा लाया?"

त्या दिवशी मी आणला होता तो शर्टाच्या खिशात मावणारा होता. तीस वर्षं लग्नांचे फोटो काढलेल्या माणसाला खिशातला कॅमेरा म्हणजे सहलीचं खेळणं वाटतं, आणि मी हे मत बरीच वर्षं मोठ्याने सांगत फिरलोय. पण हा तसा नव्हता. लेन्स भरपूर उजेड घेणारी, आतला सेन्सर मोठा, सगळ्या गोष्टी हाताने ठरवायच्या चकत्या वरच बसवलेल्या. चकती फिरवली की नीट टक्‌ असा आवाज येई. मनातून मला तो आवडला होता, पण मी ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

रविवारी नवघरला मी फोटोग्राफीचा वर्ग घेतो. तिथल्या नऊ जणांना हा कॅमेरा घ्यायचा होता. ओळखीच्या दुकानदाराने आठ दिवसांसाठी एक माझ्याकडे दिला होता. मी वापरून बघायचं, दोन पानांचा अहवाल लिहायचा, आणि मी म्हणेन ते ही मंडळी करणार. माझ्या शब्दाला एवढी किंमत उरलेली ती एकच जागा, त्यामुळे मी ते काम फार मनावर घेतो.

माझी पद्धत ठरलेली आहे. सेकंदाच्या पंधराव्या भागाचं शटर ठेवायचं, कॅमेरा हातातच धरायचा आणि दहा फोटो काढायचे. एवढ्या वेळात हात जरा हलला तरी अक्षरं फिसकटतात. या कॅमेऱ्यात हात हलला तर लेन्सच्या आतली काच उलट बाजूला हलवून फोटो सावरणारा स्टॅबिलायझर होता. तो नसलेल्या जुन्या कॅमेऱ्यावरसुद्धा माझे दहापैकी आठ फोटो पास व्हायचे, आणि हे मी वर्गात दरवर्षी न चुकता सांगतो. म्हणजे इथे दहापैकी दहा यायला हवे होते.

आले चार.

उरलेल्या सहांत सुट्टीचा वार तर सोडाच, खिळे आणि पाइपसुद्धा एकमेकांत मिसळले होते. मी पुन्हा गेलो. बस गेली असेल, जमीन हादरली असेल. पुन्हा चार. तिसऱ्या दिवशी रसवाल्याच्या खांबाला खांदा टेकवून काढले, तेव्हा पाच. वाटलं, चहा कमी पडतोय, म्हणून अंगात तरतरी नाही. हल्ली बायको मला अर्धाच कप चहा देते. विचारलं तर साखरेचं नाव पुढे करते. माझी साखर ठणठणीत आहे, हे तिला तीनदा सांगून झालंय.

पण खरी भीती निराळीच होती.

आमचं जुनं घर गोडदेवचं. आता तिथे सात मजली इमारत आहे आणि तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. वडिलांच्या वेळी शेती होती, खाडीकडे मिठागर होतं. मीठ ओढायचं त्यांचं लाकडी फावडं होतं, पुरुषभर लांब दांड्याचं. पन्नाशी उलटल्यावर ते फावडं त्यांच्या हातात नीट राहीना. मिठाची रास कडेला सरळ लागायची, ती वेडीवाकडी लागू लागली. वडील दांडा डोळ्यासमोर आडवा धरत, एक डोळा मिटून टोकापर्यंत बघत आणि म्हणत, "दांडा वाकडा हाय." सुताराकडून नवा करून आणत. महिन्याभरात तोही वाकडा ठरे. असे तीन दांडे झाले. चहाची बशी हातात खडखडायला लागली तेव्हा म्हणाले, बशा हलक्या आल्यात. मग सगळ्यांसमोर चहा घेणंच बंद केलं. कंप सगळ्या घराला दिसत होता, पण शेवटपर्यंत कोणी तो शब्द उच्चारला नाही, आणि वडिलांनी तर नाहीच नाही.

त्यांना तो सुरू झाला त्या वयाचा मी आता आहे. चार हा आकडा बघताना माझ्या मनात दुसरं काहीच नव्हतं. हात गेला तर मी कोण उरतो, हे मला खरंच माहीत नव्हतं. मी उजवा हात टेबलावर ठेवून बघायचो. ठेवलेला असताना तो अगदी शहाण्यासारखा पडून राहायचा. मग मी लगेच बघणं थांबवायचो, न जाणो हलला तर.

पाचव्या दिवशी सुचलं की माझा हातच यातून बाजूला काढावा. बाल्कनीत ट्रायपॉड लावला, त्यावर कॅमेरा घट्ट बसवला आणि समोरच्या इमारतीच्या नावाची पाटी धरली. बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी आपोआप फोटो निघेल अशी सोय केली, म्हणजे माझं बोटही लागायला नको. शटर आणखी हळू, अर्ध्या सेकंदाचं. दहा फोटो काढून संगणकावर उघडले. दहाच्या दहा किंचित फिसकटलेले.

माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगतो, इतका आनंद मला स्वतःच्या चांगल्या फोटोनेही कधी झाला नसेल. हात नव्हता, कॅमेराच नालायक होता. मी बसल्या बैठकीला अहवाल लिहून काढला. दिसायला देखणा, आतून पोकळ, मन लावून काम करणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये, असं बरंच काही त्यात होतं. दुकानदाराला फोन करून नऊही जणांच्या ऑर्डरी थांबवायला सांगितल्या. तो बिचारा चाचरत म्हणाला की दुसरीकडून अशी तक्रार आलेली नाही. मी त्याला सुनावलं की दुसरीकडचे लोक माझ्यासारखी परीक्षा घेत नाहीत. त्या दुपारी मी जेवलो पोटभर.

माझे अहवाल बायको टाइप करते. गेलं वर्षभर तिनेच ते काम ओढून घेतलंय, माझी बोटं भलत्याच कळांवर पडतात म्हणून. ती मोठ्याने वाचत टाइप करत होती आणि मी शेजारी बसून माझीच वाक्यं कौतुकाने ऐकत होतो. ट्रायपॉडच्या परिच्छेदाशी ती थांबली.

"अहो, ट्रायपॉडवर लावताना तो स्टॅबिलायझर बंद केला होता ना?"

वर्गात पहिल्या दिवशी मी जो कागद वाटतो, त्यातला तो तिसरा नियम. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर स्टॅबिलायझर बंद करा, नाहीतर हलत नसलेला हात शोधत ती काच उगाच हलत राहते आणि फोटो बिघडतो. यंदाचा तो कागदही तिनेच टाइप केला होता. एखाद्या पोराने ही चूक केली की मी सगळ्या वर्गासमोर त्याची खरडपट्टी काढतो. आणि आता मला जे हवं होतं ते मिळाल्याबरोबर मी पुढचं बघितलंच नव्हतं.

आम्ही दोघं बाल्कनीत गेलो. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर बंद करून दहा फोटो काढले. दहाही लखलखीत. मग तो चालू करून, पंधराव्या भागाचं शटर लावून मी कॅमेरा तिच्या हातात दिला. तिने आयुष्यात फोनखेरीज कशाने फोटो काढलेला नाही. तिचे नऊ पास झाले. मी घेतला. चार.

एक परीक्षा राहिली होती, आणि ती मला करायची नव्हती. तरी केली. स्टॅबिलायझर बंद केला आणि हातातच धरून पुन्हा दहा काढले. एकेक मोठा करून बघितला. एकातही पाटीवरचं एक अक्षर लागेना.

म्हणजे ते चारसुद्धा माझे नव्हते. ज्याच्यावर मी दोन पानं भरून खापर फोडलं, त्याने इतके दिवस गुपचूप माझा हात सावरून धरला होता आणि जमतील तेवढे फोटो वाचवले होते. मला रडू आलं, ते मी दाबलं नाही.

"हात माझाच आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

ती कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली, "चहा अर्धा द्यायला लागले तेव्हापासून."

भरलेला कप मी सांडतो, हे तिला दिसत होतं. मला दिसू नये म्हणून तिने साखर मध्ये घातली होती. आमच्या घरात एकेकाळी सगळ्यांनी बशा हलक्या आहेत असं मानून घेतलं होतं, त्यातलाच हा प्रकार. मी रागावलो नाही. तिला डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितली, तर ती म्हणाली सोमवारची घेऊन ठेवलीय.

दुकानदाराला फोन केला आणि ऑर्डरी चालू ठेवायला सांगितल्या. त्याने कारण विचारलं, तेही सांगितलं. मग अहवाल नव्याने तोंडी सांगायला बसलो. लेन्स उत्तम, चकत्या उत्तम, आवाज नीट. स्टॅबिलायझरपाशी आल्यावर सांगितलं, "या कॅमेऱ्यात दोष नाही. परीक्षकाचा हात कापतो. स्टॅबिलायझर चालू असूनही त्याचे दहापैकी चारच फोटो पास झाले, आणि ते चारही कॅमेऱ्याचे आहेत."

तिने तेवढं टाइप केलं आणि बोटं कळांवर तशीच ठेवून विचारलं, "हे वर्गातली सगळी वाचतील. ठेवायचं?"

"ठेव," मी म्हणालो.

ती उठून आत गेली आणि चहा घेऊन आली. कप काठोकाठ भरलेला होता. मी तो दोन्ही हातांनी धरला.