संक्रांतीच्या टेपवरचं माझं भाकीत

आमच्या घरात एक व्हिडिओ टेप आहे. ती मी वेळोवेळी हरवतो आणि बायको ती वेळोवेळी शोधून काढते. एकदा तांदळाच्या डब्यामागे सापडली, एकदा माझ्याच जुन्या बॉयलरसूटच्या खिशात. पाहुण्यांची जेवणं झाली, की बायको बडीशेप पुढे करते आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारते, "ह्यांचं भाकीत बघायचंय?"

बघायचंच असतं. आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

टेप नव्वदच्या दशकातली, सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमधली, संक्रांतीच्या हळदीकुंकवाची. कार्यक्रम बायकांचा, नवरे आपले वाणाच्या पिशव्या धरायला आलेले. मी नुकताच जहाजावरची नोकरी सोडून बंदरात इंजिनांच्या दुरुस्तीवर देखरेख करायला लागलो होतो आणि हौसेने कॅमेरा घेतला होता. तो मित्राच्या हातात देऊन मीच त्याच्यासमोर उभा राहिलो. त्यामुळे टेपवर मागे बायका वाण लुटताना दिसतात, आणि त्यांना निम्म्याहून जास्त झाकून टाकणारा, झब्ब्यातला एक सुटलेला गृहस्थ दिसतो. त्याच्या हातात तिळाचा लाडू आहे आणि तो सिंगापूरच्या शाळांच्या सॉफ्टबॉल हंगामावर भाष्य करतो आहे. तोवर त्या गृहस्थाने सॉफ्टबॉलचा एकही सामना बघितलेला नव्हता.

सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण. चेंडू मोठ्या संत्र्याएवढा, बॅट मुसळासारखी गोल, आणि चेंडू खांद्याखालून टाकायचा. आमची मुलगी पुण्याची शाळा सोडून इथे आली, तेव्हा मधल्या सुट्टीत एकटीच डबा खायची. मग कोणीतरी तिला ह्या खेळाला ओढून नेलं आणि घरात अचानक मैत्रिणींचे फोन यायला लागले. जानेवारीत नवं वर्ष सुरू झालं, तसं शाळेच्या संघात नऊ जणी निवडायचं ठरलं. तिला त्या नऊ जणींत यायचं होतं. बाकी काही नको होतं. वाढदिवसाचा फ्रॉकसुद्धा नको म्हणाली होती.

"लिहून ठेव," टेपवर मी मित्राला सांगतोय. "हिची शाळा फायनलला जाणार. हिला सगळ्यात आधी खेळायला पाठवणार. आणि हिला आउट करणं कोणाच्या बापाला जमणार नाही!"

"तिच्या बापाला जमेल कदाचित," मित्र कॅमेऱ्यामागून म्हणतो.

"हसू नकोस. ह्या इथल्या मुली नुसत्या दांडपट्टा फिरवतात. तंत्र नाही. हिला मी शिकवतोय ना. चांगला चेंडू सोडायचा. वाईट आला तर जमिनीवरून मारायचा, वर उडवायचा नाही. आणि विकेट फेकायची नाही!"

एवढ्यात मुलगी तिळगुळाचं ताट घेऊन चौकटीत येते. परकर-पोलकं घातलेलं, वर हलव्याचा हार, आणि वाक्याच्या शेवटी इथल्या मुलींकडून उचललेलं 'लाह'.

"बाबा, त्यात सोडता नाही येत. चांगला बॉल तीनदा सोडला की आउट, लाह."

"तू आधी तिळगूळ दे बरं सगळ्यांना. मोठी माणसं बोलतायत ना."

सगळे हसतात, मी सगळ्यात मोठ्याने. ती ताट घेऊन पुढे जाते.

आता कोणी विचारेल, एवढं स्पष्ट सांगितल्यावर तरी मला कळायला नको होतं? कळलं नाही. लहानपणी आमच्या क्रिकेटच्या सरांनी चेंडू सोडण्याचे धडे दिले होते. बाहेरचा चेंडू सोडला की फळीवर बसलेले म्हातारे मान डोलवायचे. खेळ म्हटला की त्यात बचाव आलाच, अशी माझी पक्की समजूत. मी स्वयंपाकघराच्या दारात मोज्यात घालून चेंडू टांगला. रोज कामावरून आलो, की तासभर टक, टक, टक. बायको वरण घेऊन जाताना वाकून जायची.

"अहो, तिच्या मॅडम शिकवतात ना शाळेत?"

"त्यांचं त्यांच्या जागी. पाया मी घालतोय."

मुलगी सगळं ऐकायची. कोपर वर कर म्हटलं की वर करायची. सोड म्हटलं की सोडायची. मला वाटायचं, पोर गुणी आहे, लवकर शिकते.

निवडीसाठी शेजारच्या शाळेशी एक सराव सामना ठेवला होता. मी अर्ध्या दिवसाची रजा काढून, लिंबाच्या सरबताची बाटली घेऊन जाळीमागे उभा राहिलो. आमच्या मुलीचा नंबर आला. पहिला चेंडू सरळ तिच्या कमरेच्या उंचीवर आला. तिने पाय पुढे टाकला, बॅट डौलात वर उचलली आणि चेंडू सोडला.

"वा! छान सोडलास!" मी ओरडलो. मराठीत, सुदैवाने.

दुसराही तसाच सोडला. तिसऱ्या वेळी पंचांनी हात वर केला आणि ती बॅट एकदाही न फिरवता परत आली. बाकावरच्या मुली बाटल्यांची झाकणं उघडण्यात फार गुंतल्यासारख्या दिसायला लागल्या. पुढच्या खेपेला तिने चेंडू मारला, अगदी मी शिकवला तसा, जमिनीलगत. मारला आणि जागीच उभी राहून चेंडू कुठे जातोय ते बघायला लागली, धाव आहे की नाही ह्याचा विचार करत. सॉफ्टबॉलमध्ये विचार करायचा नसतो. बॅट टाकून पळत सुटायचं असतं. ती निघाली तेव्हा हातात बॅट होती आणि चेंडू तिच्या आधीच पहिल्या बेसवर पोचलेला होता, म्हणजे पुन्हा आउट.

मॅडम तिच्याजवळ आल्या. जाळीमागे मला सगळं ऐकू येत होतं.

"गेल्या वर्षी तू असं खेळत नव्हतीस. कोणी शिकवलं हे?"

"कोणी नाही, मॅडम," मुलगी म्हणाली. "मलाच असं आवडतं."

ती माझ्याकडे बघेल, असं मला वाटलं. तिने जाळीकडे पाहिलंच नाही. आपल्या बुटाकडे बघत राहिली. माझे कान असे तापले, की त्यांवर पापड भाजता आला असता. आजही ते 'कोणी नाही' आठवलं की मी उगीचच चष्मा पुसायला घेतो.

मी जाळीला वळसा घालून आत गेलो. "मॅडम, तो कोणी नाही म्हणजे मी," मी माझ्या बंदरातल्या इंग्रजीत सांगितलं. "तिची चूक नाही. तिने मला आधीच सांगितलं होतं."

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बॅट माझ्या हातात दिली. "या अंकल, तुम्ही एक मारून दाखवा."

सगळ्या मुली उभ्या राहिल्या. मी पवित्रा घेतला. मनात म्हटलं, आज हा चेंडू मैदानाबाहेर घालवायचा आणि पोरीची लाज राखायची. चेंडू आला, मस्त, संथ, संत्र्याएवढा. आणि देवाशपथ सांगतो, मी तो सोडला. हातांनीच सोडला, मला विचारलंसुद्धा नाही.

"अंकल आउट, लाह!" एक मुलगी किंचाळली. चेंडू एकच सोडला होता, पण तिला खात्री होती. सगळ्या हसत सुटल्या. आमचीही हसली, पण जरा उशिरा, आणि हात तोंडावर धरून.

नऊ जणींत तिचं नाव आलं नाही. ती राखीव राहिली, म्हणजे इतरांची हेल्मेटं गोळा करणारी. घरी येताना बसमध्ये तिने सरबताची बाटली मांडीवर धरली होती, न उघडलेली.

"माझं नाव का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

ती खिडकीबाहेर बघत होती. "मग तुम्ही शिकवायचं बंद केलं असतं."

तिच्या लहानपणी मी जहाजावर असायचो. वर्षातले कितीतरी महिने तिच्यासाठी मी म्हणजे खरखरणाऱ्या फोनमधला आवाज होतो. तो तास, दारातला मोजा, टक टक; तिला पाया वगैरे नको होता. आणि त्या तासासाठी तिने काय देऊन टाकलं होतं, ते मी नुकतंच डोळ्यांनी बघून आलो होतो. मी बसची घंटा दाबली, उतरायला वेळ असताना.

मोजा मी त्याच दिवशी उतरवला. पण तास बंद केला नाही. ब्लॉकमागच्या गवतावर मी खांद्याखालून चेंडू टाकायचो आणि ती मला नियम शिकवायची. "फिरवा, बाबा! बघताय काय?" शेजारच्या मलाय आजी खुर्ची घेऊन बसायच्या, माझी गंमत बघायलाच असणार.

फायनल वगैरे राहिली, शाळा दुसऱ्या सामन्यातच हरली. त्या सामन्यात एकीचा पाय मुरगळला म्हणून आमच्या मुलीला शेवटी पाठवलं. पहिल्या चेंडूला तिने बॅट अशी फिरवली, की स्वतःच गिरकी घेतली. दुसराही हुकला. तिसरा लागला, उंच, अगदी मी कधीही मारू नकोस म्हणून सांगितलं होतं तसा. बॅट फेकून ती सुसाट पळाली आणि चेंडू दूरवरच्या मुलीच्या हातात अलगद जाऊन बसला. आउट. मी उभा राहून टाळ्या वाजवत होतो.

"अहो, आउट झाली ती," बायको माझा शर्ट ओढत म्हणाली. "बसा खाली. लोक बघतायत."

पुढच्या वर्षी ती नऊ जणींत आली. त्याचं भाकीत कोणी केलेलं नव्हतं. त्या संक्रांतीला मित्राने कॅमेरा माझ्याकडे वळवला, तेव्हा मी अख्खा लाडू तोंडात कोंबला.

टेप लागलीच, तर मी आता पळून जात नाही. मुलगी ताट घेऊन येते, ती जागा जवळ आली की रिमोट उचलतो आणि आवाज वाढवतो. तिचं वाक्य हळू आहे आणि मागे बायकांचा गलका आहे. पाहुण्यांना ते नीट ऐकू यायला हवं. त्याबरोबर लगेच पुढचं माझं वाक्यही मोठ्याने येतं, आणि ते हसणंही. त्याला काही इलाज नाही.