मागची सीट

इथे परदेशात, नेपरव्हिलच्या आमच्या मराठी मंडळात संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे परीक्षाच. वाण काय लुटलं यावर वर्षभर गुण मिळतात. तेव्हा मी साठीला टेकले होते. अक्कल मात्र सहाच्या पुढे सरकली नव्हती. म्हणून चीनच्या सहलीचा अखेरचा दिवस, शीआनसारखं शहर, आणि बाई कुठे? तर बाजारात, कुंकवासाठी रेशमी डब्या निवडत. चाळीस हव्या होत्या, आणि सगळ्या लालच. एकीला लाल, दुसरीला हिरवी गेली असती तर मंडळात फूट पडली असती!

यांची तीन दिवसांपासून मागणी एकच होती. शहराभोवतीच्या जुन्या तटबंदीवर दोघांची सायकल भाड्याने मिळते. ती मला मागे बसवून चालवायची. "अगं, पुढच्या वर्षी हे गुडघे ऐकणार नाहीत," म्हणाले.

"व्हा पुढे, आलेच मी."

माझं 'आलेच' म्हणजे अडीच तास.

दोन फुगलेल्या पिशव्या घेऊन धापा टाकत तटावर चढले, तर समोरून हे येताहेत आणि मागच्या सीटवर एक चिनी आजी! पांढरे केस, पायांत कापडी बूट, खदखदून हसत पेडल मारतेय.

"ह्या कोण?"

"मला काय ठाऊक! एकटाच चालवत होतो, या आल्या नि बसल्या. विचारलंसुद्धा नाही. तुला मात्र तीन दिवस विचारतोय."

आजी उतरली. सीट थोपटून मला खुणावलं, बस. विमानतळाची गाडी यायला अर्धा तास होता. एक छोटी फेरी सहज झाली असती.

"पिशव्या कुठे ठेवू?" मी.

आजीला भाषा कळली नाही, अडचण बरोबर कळली. तिने दोन्ही हात पुढे केले. आणि मी पिशव्या छातीशी घट्ट धरल्या! सत्तरीची बाई, कापडी बुटांत, माझ्या डब्या घेऊन तटबंदीवरून पळणार होती म्हणे.

तिने हात मागे घेतले. हसू तेवढं तसंच ठेवलं, थोरच बाई. हे सायकल परत करायला गेले.

घरी परतल्यावर नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, दॅट्स सो मीन!"

"मीन कसली? मूर्ख म्हण."

विमानतळाच्या गाडीत मी यांना विचारलं होतं, "रागावलात?"

"छे. मावशी पेडल छान मारत होत्या."

हळदीकुंकवाला डब्यांचं कौतुक झालं, आणि मी निर्लज्जासारखं ते मिरवलंही. यांच्या गुडघ्यांनी मात्र सांगितल्याप्रमाणे पुढच्या वर्षी संप पुकारला.

गेल्या उन्हाळ्यात कळलं, इथे नदीकाठीही तशी सायकल मिळते. मी लगेच कंबर कसली. "चला हो, मी मागे बसते."

हे खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत. "तू बसशील गं. पुढे कोण बसणार?"