काळ्या टेपखालचा दिवा

“आधी तिला झोपू द्या,” असं म्हणून ते बॅटरीची तार सोडायचे आणि उलट्या डब्यावर बसून राहायचे. चांगली दहा मिनिटं. तिला म्हणजे गाडीला. सगळी भिवंडी घाईत असताना धामणकर नाक्याजवळच्या गाळ्यात हा ऑटो इलेक्ट्रिशियन गाडी झोपायची वाट बघतोय म्हटल्यावर तुम्हीही माझ्यासारखेच वैतागला असता.

मी निवृत्त मास्तर. आमची जुनी गाडी घेऊन मुलगी रोज दापोड्याला, गोदामाच्या ऑफिसात जायची. एकदा एअरबॅगचा लाल दिवा लागला तो जाईचना. मी दुसऱ्या एका गॅरेजात जाऊन सांगितलं, “तेवढा दिवा घालवा.” त्यांनी अर्ध्या तासात घालवला. मी खूश.

पुढे हॉर्न बिघडला म्हणून यांच्याकडे गेलो. त्यांनी चावी फिरवली आणि मीटरकडे बघतच राहिले.

“मास्तर, एअरबॅगचा दिवा लागत कसा न्हाय?”

“गेला तो. दुरुस्त करून घेतला.”

“चावी फिरवली का तो लागला पायजे, मंग गेला पायजे. तुमचा लागतच न्हाय.”

मीटर उघडला, तर दिव्यावर काळी टेप! मागे दिवा बिचारा पेटलेलाच.

“टक्कर झाली असती तर फुगा उघडला नसता. पोरगी चालवते ना ही?”

टेप दुसऱ्याने लावली होती, पण सांगणारा मीच होतो.

“तार सोडली तरी आत करंट ऱ्हातो. फुग्याच्या पिवळ्या वायरीला घाईनं हात लावायचा न्हाय,” ते म्हणाले. या वेळी मी दहा मिनिटं निमूट बसलो.

मग त्यांनी सीटखालून माझं गाठोडं ओढून काढलं. आपल्याकडे गाडी पुसायला पॉवरलूमच्या कापडाच्या चिंध्या कुणाच्याही गाडीत असतात. मी मात्र उशीएवढं गाठोडं कोंबलं होतं. त्याच्या रेट्याने पिवळ्या वायरीचा जोड ढिला झाला होता.

“एवढी गादी कुनासाठी, मास्तर?”

त्यांनी जोड साफ करून घट्ट बसवला, वायर वर बांधली, टेप काढली, बॅटरीची तार जोडली आणि छोट्या मशीनवर बिघाडाची जुनी नोंद पुसली. चावी फिरवली. दिवा लागला आणि गेला. मला त्यांनी तीनदा बघायला लावलं. तिसऱ्यांदा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

वर्षभराने दापोड्याच्या वळणावर उलट्या बाजूने आलेला टेम्पो मुलीच्या गाडीवर समोरून आदळला. फुगा उघडला. नाक खरचटलेली, पांढऱ्या भुकटीने माखलेली पोरगी आपल्या पायांनी घरी आली. मी तिला जवळ घेऊन रडलो.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन गेलो, तर गाळा बंद. शेजाऱ्याने सांगितलं, ते दोन महिन्यांपूर्वी वारले. पत्ता विचारत घरी पोचलो आणि त्यांच्या बायकोला सगळं सांगितलं. ती माउली पदर तोंडाला लावून ऐकत होती.

“परत सांगा, मास्तर,” ती म्हणाली. “जरा मोठ्यानं. सून आत हाय, तिला पन ऐकू द्या.”