काचेच्या आतल्या बाजूला

विमानतळावर काचा पुसणाऱ्या त्या माणसाला सगळे काकाच म्हणायचे. सतरा वर्षं ते कमरेला दोर बांधून फर्स्ट क्लासच्या लाउंजबाहेर लटकले. बाहेरून ती काच आरशासारखी होती, त्यामुळे आतलं कधी काही दिसलं नाही. दिसायचा तो स्वतःचाच घामेजलेला चेहरा.

निवृत्तीनंतर परदेशातल्या लेकीने फर्स्ट क्लासची दोन तिकिटं पाठवली आणि काका-काकू त्याच लाउंजमध्ये येऊन पोहोचले. काकूंनी खुर्चीवरून हात फिरवून पाहिला, मग अलगद टेकल्या. काका मात्र थेट काचेपाशी गेले. समोर अख्खी धावपट्टी पसरली होती. एक भलंमोठं विमान धावत आलं, जमिनीवरून सुटलं आणि ढगांत शिरलं. आवाज जराही नाही. बाहेर याच विमानांनी त्यांच्या कानठळ्या बसायच्या.

"अगं, इकडे ये," काका कुजबुजले. "एवढी वर्षं हे सगळं माझ्या पाठीमागे चाललं होतं."

"बघा मग मनसोक्त," शेजारी येत काकू म्हणाल्या. "आज पुसायची नाहीये ती."

चहा आला आणि निवूनही गेला. बोलावणं येईपर्यंत काकांनी अठरा विमानं उडताना पाहिली, आणि प्रत्येक विमान दिसेनासं होईस्तोवर श्वास रोखून धरला.