आधी नाव वाच

"आधी नाव वाच, मग बोट लाव."

लोहाऱ्यात चहाच्या टपरीवर मोबाइलनं पैसे द्यायला निघालं, की मागून हे वाक्य यायचंच. वळून बघायची गरज नसायची. मामाच! माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून त्यांचं बँकमित्र केंद्र होतं. एक टेबल, एक लॅपटॉप, ठसा घेणारं यंत्र आणि मामा. खाती तिथं उघडायची, पेन्शन तिथं निघायची. कुणाचे मामा, विचारू नका. अख्ख्या तालुक्याचे.

असा एखादा नेमाचा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याचा जाच होतो आणि तो दिसला नाही तर करमतही नाही. आम्ही मामांची लई चेष्टा करायचो. एकदा कुणा भामट्यानं टपरीवाल्याच्या क्यूआरवर आपलाच कागद चिकटवला. सकाळपासून जो तो चहा पितोय आणि पैसे भलत्याच्याच खात्यात. मामा आले, मोबाइल धरला, नाव वाचलं आणि ओरडले, "आरं, ह्यो कोण पाव्हणा? ह्याच्या घरचा च्या आपण कधी प्यालो?" त्या दिवसापासून चेष्टा बंद झाली. म्हणजे, जरा कमी झाली.

पोरांच्या मोबाइलात झटपट कर्जाचं अ‍ॅप दिसलं की मामांचा पारा चढायचा. "सख्खा मेव्हणा हातापाया पडून देत न्हाय, अन् ह्यो न मागता देतोय? काढ आधी ते!"

पण मामा म्हटलं की मला आठवतात त्या सुमनकाकू.

नवरात्रात त्या तुळजापुरात बांगड्यांचं दुकान मांडतात. सोलापूरच्या बायका हात भरून बांगड्या घेणार आणि पैसे मोबाइलवर देणार. काकूंच्या दुकानात क्यूआर होता पुतण्याच्या नावाचा. कष्ट काकूंचे, पैसे पुतण्याकडं, आणि स्वतःच्याच कमाईसाठी काकू पुतण्याच्या दारात उभ्या. "औंदा माझ्या नावचाच पायजे," म्हणून त्या मामांकडं आल्या. नवरात्र तोंडावर आलं होतं.

त्यासाठी आधी स्वतःचं खातं हवं, आणि खात्याची तपासणी व्हिडिओवर व्हायची. बँकेची एक मुलगी पडद्यावर आली. नाव झालं, गाव झालं, जन्मतारीख झाली. मग तिनं विचारलं, "पतीचं नाव?"

काकूंनी मान खाली घातली. आमच्याकडच्या जुन्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे त्या पोरीला कोण सांगणार? तिनं परत विचारलं. काकूंनी पदर तोंडाला लावला. दाराशी त्यांचे यजमान मारुतीकाका उभे होते, त्यांना राहवलं नाही. "मारुती! मारुती म्हण की!"

झालं! दुसऱ्यानं उत्तर सांगितलं म्हणून कॉल रद्द.

मामा काकांवर असे भडकले, की मी माझं मशीन बंद करून ऐकत बसलो. "नेम म्हंजे नेम! ज्याचं खातं त्यानंच बोलायचं. उद्या तुमी शेजारी उभं राहून तिच्याकडनं काय बी वदवून घेताल!" काकूंच्या डोळ्यांत पाणी. "ऱ्हाऊ द्या मामा. पुतण्याचाच चालू द्या." मला तर मामांचाच राग आला. एवढ्याशा नेमापायी बाईचा हक्क जातोय की!

दुसऱ्या दिवशी मामांनीच काकूंना बोलावून घेतलं. मारुतीकाकांना टपरीवर पिटाळलं आणि म्हणाले, "वहिनी, नेम म्या परत वाचला. स्वतःच्या तोंडानं सांगायचं, एवढंच हाय. सरळच सांगा, असं कुठं लिवलंय? हळदीकुंकवात घेता न्हवं नाव? तसंच घ्या." आणि स्वतः बाहेर येऊन आमच्याकडं पाठ करून उभे राहिले.

आतून प्रश्न आला. मग काकूंचा आवाज असा खणखणीत आला, की टपरीवरचे लोक उठून उभे राहिले.

"आईच्या दारात संबळाचा नाद,
मारुतीरावांचं नाव घेते, बँकेनं द्यावी दाद!"

पडद्यावरची पोरगी हसू दाबत म्हणाली, "मावशी, झालं तुमचं. उखाणा छान होता हं!" टपरीवर टाळ्या पडल्या. मारुतीकाका लाजून कपबशीत बघत बसले. आणि मामा? नेमाचा तो कडक माणूस पाठ करून उभा होता खरा, पण हसून हसून त्याचे खांदे गदगद हलत होते.

मामा गेले त्याला आता वर्ष होईल. परवा नवरात्रात तुळजापुरात बायकोला बांगड्या घेतल्या. सुमनकाकूंच्या दुकानात क्यूआरपुढं मोबाइल धरला आणि माझं बोट आपोआप थांबलं. मी मोठ्यानं नाव वाचलं, "सुमन मारुती कासार."

"ओ!" मागं खोकी उचलत असलेले मारुतीकाका म्हणाले.

काकूंनी पदर तोंडाला लावला. लाजल्या, हसल्या, डोळे पुसले.

"वाचलंस न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग लाव आता बोट."