सात आणि अकरा नंबरचे लिफाफे

मंगळवार, १४ मार्च. सकाळी धुकं. कपाटाच्या बिजागरीला तेल घातलं. धाकट्या जाऊबाईंचा फोन, गुडघा तसाच. आज फेलोशिपच्या अर्जांचा शेवटचा दिवस, पाचला खिडकी बंद. आपल्याकडचे दोन जायचे आहेत.

एवढं टिपून मोठ्या बाई कामावर निघाल्या. विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात अठ्ठावीस वर्षं त्या कारकून होत्या. निवृत्तीला तीन महिने उरले होते आणि सेवापुस्तकात एकही शेरा नव्हता. बिननावाचा कागद त्यांच्या टेबलावरून पुढे सरकत नाही, असं सारा विभाग म्हणायचा.

साडेतीनला त्यांनी दोन्ही अर्ज टाचले, ड्रॉवरमधून शिफारसपत्रांचे लाखबंद लिफाफे काढले, आणि ते दोन्ही बाजूंनी उलटून पाहिले. एका लिफाफ्यावर ७ लिहिलं होतं, दुसऱ्यावर ११. नाव कुठेच नाही.

दोघांच्या मार्गदर्शक सरांची ही जुनी खोड. संशोधनात प्रश्नावली भरणाऱ्या माणसाचं नाव लिहायचं नाही, फक्त नंबर घालायचा. कुणाचा नंबर कुठला, ती यादी कुलपात. त्या सवयीनं सरांनी आपल्या विद्यार्थ्यांनाही नंबर देऊन टाकले होते. गेल्या आठवड्यात घाईघाईनं लिफाफे हातात कोंबून सर परगावी तोंडी परीक्षा घ्यायला गेले, आणि बाईंनी ते न बघता ठेवून दिले. यादीचं कपाट बंद, किल्ली सरांच्या खिशात, फोनही बंद.

दोन्ही विद्यार्थ्यांना बोलावून घेतलं. मुलीला सगळे शंका म्हणत, कारण तिला वर्गात दर पाच मिनिटांनी एक शंका यायची. मुलगा दारातून वाकून येई, म्हणून जिराफ.

"तुमचा नंबर काय रे?" बाईंनी विचारलं.

"नंबर? आम्हाला नंबर आहेत?" जिराफ म्हणाला. "तरीच सर मला नावानं हाक मारत नाहीत."

"दात काढू नकोस. लिफाफे उलटसुलट गेले तर दोघांचेही अर्ज बाद. फोडले तरी बाद."

शंकाचा चेहरा उतरला. शिकवत शिकवत पीएच.डी. करण्याच्या विभागातल्या दोन्ही जागा भरल्या होत्या, त्यातली एक जिराफाला मिळाली होती. तिच्यासाठी उरली होती ती ही तीन वर्षांची फेलोशिप. ती हुकली तर दादाच्या दुकानात बसायचं, हे घरी ठरलेलं होतं.

"मी अर्ज मागे घेतो," जिराफ म्हणाला. "मग दोन्ही लिफाफे हिच्याच अर्जाला लावा. एक तर हिचा असेलच."

"आणि दुसरा बघून ते विचारतील, हा कुणाचा?" शंका म्हणाली. "माझ्यासाठी तू कशाला मागे घेतोस? नको. बाई, चिठ्ठ्या टाका."

"चिठ्ठ्या टाकायला ही काय भिशी आहे?"

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. बाईंनी पुन्हा सरांना फोन लावला. बंदच. मग त्यांनी विभागाचा छापील कागद घेतला आणि आपल्या गोल, सुबक अक्षरात लिहिलं: लिफाफ्यांवर नाव नाही, हे मी घेताना पाहिलं नाही. चूक सर्वस्वी माझी आहे, विद्यार्थ्यांची नाही. दोन्ही अर्ज आणि दोन्ही लिफाफे एकत्र पाठवत आहे. समितीनं आपल्यासमोर उघडून मजकुरावरून ठरवावं. खाली पूर्ण सही केली.

"बाई, हे तुमच्या सेवापुस्तकात जाईल," शंका म्हणाली.

"वाचता येतं मला. चल, पाय उचल."

आवार ओलांडून ती तिघं फेलोशिपच्या खिडकीशी पोचली तेव्हा पाचला बारा मिनिटं कमी होती. खिडकीवरच्या साहेबांनी कागद दोनदा वाचला.

"मोठ्या बाई, तुम्ही?"

"मीच."

"असं घेता येत नाही."

"समिती आतच बसली आहे ना? मग त्यांना सांगू दे, येत नाही म्हणून."

साहेब गठ्ठा घेऊन आत गेले. तिघं बाकावर टेकली. जिराफ गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. शंका एकदा म्हणाली, "पत्रातही नंबरच असला तर?" आणि बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

पाच वाजून गेले. खिडकीचं शटर खाली आलं. वीस मिनिटांनी साहेब बाजूच्या दारातून बाहेर आले.

"आतही नंबरच होते," ते म्हणाले. "पण एका पत्रात वृद्धांच्या स्मरणशक्तीवरचं काम आहे, दुसऱ्यात खेळाडूंवरचं."

"वृद्ध माझे," शंका घाईनं म्हणाली.

"ते अर्जावरूनच कळलं. दोन्ही अर्ज दाखल. निवड पुढच्या महिन्यात." मग बाईंकडे न बघता म्हणाले, "शेरा मात्र लिहावा लागेल."

"लिहा ना," बाई म्हणाल्या. "तारीख आजचीच घाला."

परतताना शंकानं त्यांची पिशवी घेतली. बाईंनी ती काढून घेतली नाही.

घरी आल्यावर त्यांनी चहा घेतला, डायरी उघडली. दोन्ही अर्ज दाखल, असं लिहिलं. शेरा, अठ्ठावीस वर्षांत पहिला, असंही लिहिलं. त्याखाली: स्वयंपाकघरातला बल्ब गेला, नवा लावला. जुना चौदा महिने चालला.