घरी राहिलेली वही

प्रभाकरराव इंगोले सरांची आणि माझी पहिली भेट मोर्शी रस्त्यावर झाली. त्या भेटीत त्यांनी सर्वांत आधी काय केलं असेल, तर माझं मनगट घट्ट धरलं. मी सहकुटुंब अमरावतीला परतत होतो. गाडीच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला होता, बॉनेटमधून वाफ येत होती आणि मी हाताला टॉवेल गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवायच्या बेतात होतो. मागून येणाऱ्या एका गृहस्थांनी स्कूटर रस्त्याकडेला टाकली आणि धावत येऊन माझा हात पकडला.

"सोडा ते झाकन. तोंड भाजून घ्याचं हाय काय?"

मी वकील आहे, घाईत आहे, पक्षकार वाट पाहत आहेत, असं बरंच काही मी त्यांना ऐकवलं. "इंजिनले तारीख नाई समजत, वकीलसाहेब," ते म्हणाले आणि आम्हाला त्यांनी पाऊण तास झाडाखाली बसवलं. जवळच्या पिशवीतली संत्री सोलून माझ्या मुलीला दिली. इंजिन निवाल्यावर त्यांनी गाडी सुरू करायला लावली, काटा मध्यावर येईपर्यंत थांबायला लावलं आणि विचारलं, काय ऐकू येतं? मला काहीच ऐकू येत नव्हतं. "तेच त. आता पंखा फिराले पाहिजे होता." पंख्याचा फ्यूज उडाला होता. तितक्याच ताकदीचा जादा फ्यूज फ्यूजच्या डबीच्या झाकणातच होता, आणि ती डबी गाडीत असते हे चार वर्षांत मला ठाऊक नव्हतं. महिनाभरापूर्वी एका गॅरेजवाल्याने अख्खा रेडिएटर बदलायला सांगितला होता, आणि मी मान डोलावली होती. फ्यूज सरांनी मलाच बदलायला लावला.

सर मूळचे तेल्हाऱ्याचे. अकोल्याच्या एका तंत्रशाळेत त्यांनी उभं आयुष्य कार्यशाळा शिकवली आणि निवृत्तीनंतर ते अमरावतीला राजापेठेत राहायला आले. आमच्या वाचनालयाच्या आवारात दर रविवारी सकाळी ते 'घरची गाडी घरी' हा वर्ग घेत. वर्गाला डॉक्टर, प्राध्यापक, वकील अशी मंडळी येत. आम्ही साधा दिवा बदलायलाही माणूस बोलावणारे लोक. किल्ली फिरवल्यावर गाडी नुसती टकटक करत असेल तर आधी हेडलाइट लावून पाहा. दिवा मलूल झाला तर बॅटरी, दिवा भक्क राहिला तर स्टार्टर, हे आम्ही त्यांच्याकडे शिकलो. बॅटरीच्या टोकांवर साचलेली पांढरी बुरशी गरम पाण्याने आणि खायच्या सोड्याने धुवायची, गाडीखाली डाग दिसला तर बोटाने चोळून पाणी की तेल ते ओळखायचं, हेही त्यांचंच. वर्षभरात आम्ही इतके शहाणे झालो की लग्नाच्या पंगतीतही एकमेकांच्या एअर फिल्टरची चौकशी करू लागलो.

पण सरांची खरी शिस्त वहीत होती. बॉनेट उघडण्याआधी प्रत्येकाने आपल्या वहीत लिहायचं: काय दिसलं, काय ऐकलं, कसला वास आला. काम झाल्यावर शेवटची ओळ लिहायची, माझं काय चुकलं. आणि पुढच्या रविवारी ती ओळ सर्वांसमोर उभं राहून वाचायची. कोणी हसलं तर सर त्याचीच वही मागत. एका नामांकित शल्यविशारदांनी उलटा बसवलेला एअर फिल्टर असा उभं राहून वाचला, तेव्हा सरांनी त्यांना खाली बसवून चहा दिला आणि म्हणाले, "तुमची गाडी आता कोनी फसवून घेऊन जाऊ शकत नाई."

एका बाबतीत मात्र ते कडक होते. "ब्रेकले घरी हात लावाचा नाई. बाकी कुठं चुकलं त गाडी थांबते. इथं चुकलं त गाडी थांबत नाई." हे वाक्य त्यांनी प्रत्येकाला वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावलं होतं. माझ्याही वहीत ते आहे, माझ्याच अक्षरात.

सरांच्या सत्कारानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी संपादक मंडळाने मला पत्र पाठवलं, त्यात 'कटू प्रसंग शक्यतो टाळावेत' अशी सूचना आहे. संपादक मंडळ म्हणजे वाचनालयाचंच मंडळ, आणि त्यात मीही आहे. आतापर्यंत आलेले लेख मी वाचले. सरांनी स्वावलंबन शिकवलं, सर म्हणजे चालतंबोलतं विद्यापीठ, असं सगळ्यांनी लिहिलं आहे. तो वर्ग सहा वर्षांपूर्वी बंद का झाला, हे एकालाही आठवलेलं नाही. इतक्या सुशिक्षित माणसांची स्मरणशक्ती एकदम कशी गेली, याचं मला नवल वाटलं असतं, पण माझीही गेलीच होती.

गेल्या महिन्यात सत्काराचा हार सांगायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या कोपऱ्यावर यशोदाबाई फुलांची हातगाडी लावतात. अजून त्या डावा पाय ओढत चालतात. सहा वर्षं मी फुलं पलीकडच्या चौकातून आणत होतो. त्या दिवशी दुसरीकडे झेंडू नव्हता, म्हणून गेलो.

"हार कोनासाठी?"

"इंगोले सरांसाठी."

"मास्तरसाठी? मंग सोताच बांधीन." त्यांनी हातगाडीच्या चाकाशी बसवलेली लोखंडी पट्टी पायाने दाबून दाखवली. "हा ब्रेक त्यायनंच लावून देला. पाय मोडला तवा दर सोमवारी येत. मनत, बाई, माह्या शिकवन्यात कुठंतरी कमी पडलं. मी मनलं, आता जाऊ द्या. पन वकीलसाहेब, तुमी काहून नाई आले एकबी डाव?"

दवाखान्याचं सगळं मी पाहिलं होतं, त्यात कसूर केली नव्हती. पण त्यांच्या दारात मी एकदाही गेलो नव्हतो.

आता जे घडलं ते सांगतो. दसऱ्याच्या आदल्या सकाळी, पूजेआधी गाडी ठाकठीक करावी म्हणून, मी अंगणात पुढचे ब्रेक पॅड स्वतः बदलले. सरांनी ते कधीच शिकवलं नव्हतं, मी मोबाइलवर पाहिलं होतं. नवे पॅड बसवताना आतला दट्ट्या मागे ढकलावा लागतो, आणि गाडी हलवण्याआधी पेडल अनेकदा दाबून तो पुन्हा जागेवर आणायचा असतो. ते मी केलं नाही. गाडी उलटी घेऊन उतारावर ब्रेक दाबला तर पेडल थेट तळाला गेलं. हातब्रेक ओढायचं सुचेपर्यंत गाडी यशोदाबाईंच्या हातगाडीवर आदळली होती आणि त्या खाली होत्या. गाडीला घालायचा हार मी त्यांच्याकडूनच घेणार होतो.

लोक जमले. कोणीतरी विचारलं, हे कुठं शिकलात? मी म्हणालो, "मी इंगोले सरांच्या वर्गाला जातो." या वाक्यातला शब्दन् शब्द खरा आहे. अशी वाक्यं बोलण्यावरच माझं घर चालतं.

आठवड्याभरात मंडळाची बैठक झाली. 'असल्या वर्गांमुळे निरपराधांच्या जिवाशी खेळ होतो' असा ठराव आला. त्याचा मसुदा मंडळाच्या विनंतीवरून मीच लिहून दिला होता. सरांना खुलासा विचारला गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "वकीलसाहेब, वही आनली काय?"

"घरी राहिली, सर."

"मंग वाचाचं काई नाई." त्यांनी आपली हत्यारांची पेटी उचलली आणि ते निघून गेले. वहीचं पहिलं पान त्यांना ठाऊक होतं. ते एक वाक्य बोलले असते तर त्याच क्षणी मी उघडा पडलो असतो. ते बोलले नाहीत. मला त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते. तिथं आणखी चार-पाच विद्यार्थी बसले होते. त्यांच्याही वह्यांत तेच वाक्य होतं. त्यांच्यापैकीही कोणी वही आणली नव्हती. आज त्यांचेच लेख या ग्रंथात आहेत.

शाल द्या, श्रीफळ द्या, मानपत्र वाचा. सर ते सगळं शांतपणे घेतील, कारण ते सभ्य गृहस्थ आहेत. पण गुरूचा गौरव त्याने घालून दिलेल्या रीतीनेच करावा असं मला वाटतं, म्हणून माझ्या वहीतलं त्या दसऱ्याचं रिकामं राहिलेलं पान इथं भरतो.

काय दिसलं: पॅड झिजलेले. काय ऐकलं: ब्रेक दाबताना लोखंड घासल्याचा आवाज. वास: करपल्याचा. काय चुकलं: सरांनी करू नका म्हणून सांगितलं तेच केलं, एका बाईंचा पाय मोडला आणि दोष सरांवर जाऊ दिला.

सत्कारानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी, वाचनालयाच्या त्याच आवारात मी उभा राहून हे वाचणार आहे. मंडळाने आवार दिलं नाही तर फाटकाबाहेर वाचेन. यशोदाबाईंना निरोप दिला आहे, त्या येतो म्हणाल्या आहेत. सरांनी त्या सकाळी ठणठणीत असावं, आणि पुढेही त्यांना पुष्कळ रविवार धडधाकट लाभावेत. अजून बऱ्याच जणांच्या वह्या घरी राहिल्या आहेत.